मुखपृष्ठ बदलायला नांदेड-लातूर

सत्कार होणार असं समजून मी नांदेडला गेलो, हे आधीच कबूल केलेलं बरं. फोनवर बाई म्हणाल्या होत्या, "तुमचं काम आमच्या सगळ्या बायांनी बघितलंय. एकदा या, बोलायचंय." तीस वर्षं मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं करणाऱ्या माणसाला असं कुणी म्हणत नाही. वाचक पत्र लिहितात ते लेखकाला. चित्रकाराचं नाव आतल्या पानावर मुद्रकाच्या पत्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात पडलेलं असतं. त्यामुळे मी हुरळलो. पिशवीत इस्त्रीचा झब्बा घातला आणि शालीसाठी जागा राखून ठेवली. बायको म्हणाली, "नारळ दिला तर तिथेच फोडून खा. ओझं आणू नकोस."

फोन करणाऱ्या रेहाना आपा नांदेडातल्या देहविक्री करणाऱ्या बायकांच्या संघटनेच्या अध्यक्ष. हे त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. मला वाटलं, बरोबरच आहे, या विषयावरच्या कादंबऱ्यांची नऊ मुखपृष्ठं माझ्या नावावर आहेत. योग्य ठिकाणाहून योग्य बोलावणं आलं.

नांदेड, पहिला दिवस

जानेवारीत नांदेडची सकाळ बऱ्यापैकी गार असते, हे मला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. मराठवाडा म्हणजे ऊन, एवढंच आपल्याला ठाऊक. कुडकुडत संघटनेच्या कचेरीत पोचलो तर आधी नाश्ता पुढे आला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याच्या कुटाची फोडणी. याला इथे सुशीला म्हणतात. पुण्यात आम्ही पोह्यांचा फार अभिमान बाळगतो. दोन ताटल्या सुशीला खाल्ल्यावर तो जरा खाली आला.

कचेरी म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली. दारात चपलांचा ढीग, आत सतरंजीवर दहा-अकरा बायका. टेबलावर मी पंधरा वर्षांपूर्वी केलेलं एका कादंबरीचं मुखपृष्ठ. कादंबरीचं नाव सांगत नाही. लेखक वारले, पण त्यांचे चिरंजीव वकील आहेत. चित्र मात्र सांगतो: अर्धवट उघडं दार, वर लाल दिवा, चौकटीला टेकून उभी बाई, एक हात कमरेवर, केसांत गजरा, डोळ्यांत एक थेंब. तो थेंब मला त्या काळी फार जमला होता.

शाल कुठे दिसेना. रेहाना आपांनी चष्मा लावला आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं.

"सर, तुमी आमच्या गल्लीत कधी आलता का?"

"नाही."

"मग हे दार कुणाचं?"

"माझ्या मावशीच्या जुन्या घराचं."

"आन् हा लाल दिवा? आमच्या गल्लीत ट्यूबलाइट हाय. लाल दिवा कलेक्टरच्या गाडीवर ऱ्हायचा, तो बी आता काढला."

बायका हसल्या. मीही हसलो, कारण हसण्याशिवाय काही सुचत नव्हतं. लक्ष्मी नावाची एक तरणी बाई, धर्माबादकडची, तेलुगू वळणाने बोलणारी, पुढे सरकली. "कंबर कुणाची घेतली?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण अकरा बायका रोखून बघत असताना खोटं सुचत नाही. "माझ्या बायकोची," मी म्हणालो. "ती गॅसच्या सिलिंडरवाल्याची वाट बघत दारात उभी होती. तेव्हा पटकन रेखाटून घेतली."

खोलीत जो हशा उसळला तो खालच्या किराणा दुकानापर्यंत गेला असावा. "म्हंजी नऊच्या नऊ पुस्तकांवर तुमची बायकूच?" लक्ष्मीने विचारलं. मी मान डोलावली. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, पण कंबर एकच. ती म्हणाली, "तिला सांगितलंव का?" नव्हतं सांगितलं. अजूनही सांगितलेलं नाही; हे छापून आल्यावर कळेल.

हसणं ओसरल्यावर मागे भिंतीशी बसलेल्या एक बाई उठल्या. पन्नाशीच्या आत-बाहेर, हिरवं लुगडं, कमी बोलणाऱ्या वाटल्या. त्यांनी चित्रातल्या बाईच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. तिथे मी एक बारीक तिरपी खोक काढली होती.

"ही कुणाची?" त्या म्हणाल्या, आणि कपाळावरचा पदर मागे घेतला. तीच खोक, तशीच तिरपी.

माझ्याकडे कात्रणांच्या फायली असतात. 'बैल', 'जुने वाडे', 'स्त्रिया – चिंताग्रस्त' अशी त्यांवर नावं आहेत. त्या तिसऱ्या फायलीत वर्तमानपत्रातला धाडीचा एक फोटो होता. त्यावरून चेहरा उतरवला, भुवईवरच्या खोकेसकट, आणि वर स्वतःच्या निरीक्षणशक्तीचं कौतुक केलं. तो चेहरा कुणाचा तरी असणार, ती बाई कुठेतरी जेवत, झोपत, बाजारात जात असणार, हे एकदाही मनात आलं नाही. मला लाज वाटली. सभ्यपणे खाली बघण्याएवढी नव्हे, कान तापण्याएवढी वाटली.

"त्या दिवशी मी तोंडावर पदर घेतलता," त्या म्हणाल्या. "एकानं माझा हात धरून बाजूला केला आन् दुसऱ्यानं फोटू काढला. त्येनी इचारलं न्हाई. तुमी बी न्हाई."

"आता कोर्टानं सांगितलंय, धाडीत बायांची तोंडं दाखवायची नाहीत म्हणून," रेहाना आपा म्हणाल्या. "तवा कुणी ऐकत नव्हतं. आता बी सगळेच ऐकतात असं नाही."

त्यांचं नाव धुरपताबाई. गाव चाकूरच्या आत, दहा-बारा किलोमीटरवर. घरच्यांना सांगितलेलं असायचं, नांदेडला खानावळीत स्वयंपाकाला आहे. दर दिवाळीला जायच्या, चार दिवस राहून यायच्या. पेपरातला फोटो एका दिवसाचा, तो रद्दीत गेला. पण पुढच्या वर्षी नांदेडच्या स्टँडवर गावाकडची एक मुलगी भेटली आणि सहज म्हणाली, मावशी, आपल्या वाचनालयात तुमच्यावाणी दिसणाऱ्या बाईचं पुस्तक आलंय. तेव्हापासून चौदा वर्षं धुरपताबाई गावात गेलेल्या नव्हत्या.

"आई गेली तवा बी न्हाई गेले," त्या म्हणाल्या. "तवा आता तुमी नवं कव्हर काढायचं. आन् माझ्यासंगं येऊन वाचनालयांतल्या पुस्तकांवर लावायचं. सगळीकडं. गावात बी."

मी हो म्हणालो. झब्बा पिशवीतच राहिला.

नांदेड, दुसरा दिवस

नवं चित्र काय काढायचं यावर सकाळी दहाला चर्चा सुरू झाली ती दुपारी दोनला संपली. चित्रकलेच्या महाविद्यालयात मी पाच वर्षं काढली, पण असा तास झाला नाही.

बाई हसतानाची काढू, मी म्हणालो. "हसली की लोक म्हणतील गिऱ्हाईक बोलवायली," लक्ष्मी म्हणाली. मग गंभीर? "गंभीर म्हंजी बिचारी." भाकरी थापताना? "लई बिचारी." वर बघणारी? "देवाला इचारायली, माझंच नशीब असं कामून." खाली बघणारी? "लाजली." पाठमोरी? त्यावर धुरपताबाईच म्हणाल्या, "म्हंजी तोंड लपवलं. मी कशाला लपवू?"

मी पेन्सिल खाली ठेवली. या एका पुस्तकावर बाई कशीही उभी केली, बसवली, फिरवली, तरी तिचा अर्थ आधीच ठरलेला होता, आणि तो ठरवायला माझ्यासारख्यांनी तीस वर्षं हातभार लावला होता. पुण्याला बँकेच्या रांगेत कमरेवर हात ठेवून बाई उभी असली तर ती दमलेली असते. इथे तोच हात म्हणजे इशारा.

"बाईच नको," शेवटी रेहाना आपा म्हणाल्या. "तिच्याबिगर काय काढता येतं ते काढा."

जेवायला उठताना धुरपताबाई दाराशी थांबल्या. "ह्या काढा," त्या म्हणाल्या. चपलांचा ढीग. एक टाचेची, एक रबरी, एक अंगठा तुटून तारेने बांधलेली, एक नवी कोरी चमचमती, ती लक्ष्मीची. "बैठकीला आलोत म्हणून काढून ठिवल्यात. कुणाला काय समजायचं ते समजू द्या."

मी तीन तास चपला काढल्या. एकेक जण येऊन आपली नीट आली का ते तपासून गेली. एकीने टाच दुरुस्त करून घेतली. लेखकाच्या वकील चिरंजीवांना फोन लावला तर ते म्हणाले, "बाबांचं पुस्तक अजून कुठे आहे? बदला की." संध्याकाळी छापखान्यातून चकचकीत कागदावरची पन्नास कव्हरं हातात आली.

लातूर, तिसरा दिवस

नांदेडातली दोन वाचनालयं सकाळीच उरकायची म्हणून निघालो. पहिल्या ठिकाणी ग्रंथपालांनी कपाटातून पुस्तक काढून दिलं. खाकी पुठ्ठ्याचं बाइंडिंग, पाठीवर शाईने नंबर.

"कव्हर कुठंय?" धुरपताबाईंनी विचारलं.

"बाइंडिंगला टाकताना आम्ही कव्हर काढूनच टाकतो," ते म्हणाले. "टिकत नाही ते. नुसती शोभा."

दुसऱ्या ठिकाणी तेच. एसटीने लोहा, अहमदपूर करत लातूरला निघालो. दोन्ही बाजूंनी काळी जमीन, हिरवी ज्वारी, मधूनमधून हरभऱ्याचे चौकोन. धुरपताबाई खिडकीत बसून शेंगा सोलून मला देत होत्या. चाकूर आलं तशा त्या उठल्या आणि पलीकडच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसल्या. गाडी सुटेपर्यंत त्यांनी हातातल्या तिकिटावरचा बारीक मजकूर वाचला. "आधी लातूर करू," त्या म्हणाल्या. वास्तविक चाकूर अलीकडे लागतं.

लातुरात चेहऱ्यांना तोटा नाही. गंजगोलाईच्या गोल बाजारापर्यंत जाताना शिकवण्यांचे फलकच फलक. डॉक्टर होऊ घातलेली पोरं-पोरी छायाचित्रांतून शहराकडे बघत होती, खाली गुण, आणि मध्ये मध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचे पुढारी. धुरपताबाई मान वर करून एकेक बघत होत्या. "ह्यांना इचारून लावलं असंल," त्या म्हणाल्या. असणार, मी म्हणालो.

लातूरच्या एका वाचनालयात पुस्तकाला कुणीतरी जाड तपकिरी कागद चिकटवला होता. खाली माझं चित्र होतं का हे बघायला नखाने कोपरा सोडवला तर ग्रंथपाल बाई ओरडल्या. दुसऱ्या ठिकाणी एक गृहस्थ आत गेले, बराच वेळ खडखडाट केला आणि वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. आतून निघाली ती माती आणि कागदाची जाळी.

"वाळवी," ते म्हणाले. "हे शेल्फ सगळं गेलं."

धुरपताबाईंनी ती जाळी बोटाने हलवून बघितली. मग पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चहावाल्याने पाणी आणून दिलं. "चौदा वर्सं," त्या म्हणाल्या. "चौदा वर्सं मी ज्येला भ्याले त्येला वाळवीनं खाल्लं." हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला त्यांच्यासाठी आनंद होत होता आणि त्याच वेळी आपली मुखपृष्ठं नेमकी कुठे जातात हे कळल्याने थोडा अपमानही वाटत होता. दोन्ही भावना एकाच पायरीवर बसल्या होत्या.

चार ठिकाणी मिळून आमचं एकही कव्हर धड लागलं नव्हतं. मला वाटलं, गावातही असंच निघेल. मी तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "गावात बाइंडिंगवाला न्हाई."

चाकूरच्या आत, चौथा दिवस

चाकूरला उतरून जीपने गावात गेलो. धुरपताबाईंनी पदर भुवईच्या खाली ओढला होता. रस्ता नवा सिमेंटचा, त्यांना ओळखीचा नव्हता. वाचनालय ग्रामपंचायतीच्या शेजारी, एक खोली, तीन कपाटं, भिंतीला टेकून वर्तमानपत्र वाचणारे दोघे म्हातारे. ग्रंथपाल म्हणजे गावातले निवृत्त गुरुजी.

मी पुस्तकाचं नाव सांगितलं. गुरुजींनी कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही.

"ते न्हाई मिळायचं. व्यंकटरावानं नेलंय."

"कधी आणून देतील?"

"चौदा वर्सं झाली की. दर वर्सी इचारतो, दर वर्सी म्हणतो वाचायलो. एवढं काय वाचायलाय कुणास ठाऊक."

मी धुरपताबाईंकडे बघितलं. व्यंकट हा त्यांचा धाकटा भाऊ, हे एसटीत त्यांनीच सांगितलं होतं. लहानपणी त्यानेच गोफणीचा दगड मारून ती भुवई फोडली होती. त्यामुळे ती खोक दुसऱ्या कुणी ओळखो न ओळखो, तो ओळखणारच. त्या बाहेर पडल्या आणि चालू लागल्या. मी मागे.

व्यंकटराव अंगणात तुरीची रास पाखडत होते. बहिणीला बघून सूप तसंच हातात राहिलं. मग ते आत गेले, पाण्याचा तांब्या आणला, तिच्यापुढे ठेवला, आणि मला बाज दाखवली. मीच मूर्खासारखा म्हणालो, यंदा तूर चांगली दिसते. ते म्हणाले, हाव.

"पुस्तक हाय म्हणं तुझ्याकडं," धुरपताबाई म्हणाल्या.

ते आतून घेऊन आले. जुन्या फेट्याच्या कापडात गुंडाळलेलं. माझं चित्र, जसंच्या तसं, रंगही उडालेला नाही. इतकं जपलेलं माझं काम मी कधी बघितलं नव्हतं, आणि या वेळी ते बघवत नव्हतं.

"गुरुजीनं नवी पुस्तकं मांडली त्याच दिवशी दिसलं," व्यंकटराव म्हणाले. "एकदोन पोरींनी बघितलतं, आणखी कुणी बघायच्या आत नेलं. जाळायला नेलतं. आईनं हातातून घेतलं. म्हणली, घरात तिचा एक फोटू न्हाई, आन् तू हे जाळायलास."

"आई बघायची?"

"रोज न्हाई. सणासुदीला."

धुरपताबाई तांब्यातलं पाणी प्यायल्या. "मग मला कामून बोलावलं न्हाईस?"

"पाय उचलला न्हाई, अक्का. दोनदा नांदेडला आलो. स्टँडवर च्या पिलो आन् माघारी फिरलो."

"कामून?"

"काय बोलायचं ते ठरंना."

मी उठून गोठ्याकडे जायला बघत होतो, पण बाज करकरली आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं, म्हणून परत बसलो. धुरपताबाईंनी पिशवीतून डिंकाची बाटली आणि चपलांचं कव्हर काढलं. पुस्तकाकडे हात नेला तसा व्यंकटरावांनी त्यावर पंजा ठेवला.

"हे राहू दे. दुसऱ्यावर चिटकव. आमच्याकडं हे एवढंच हाय."

"व्यंकट," त्या म्हणाल्या, "मी हितं बसलेय. मला बघ की."

त्यांनी बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा नीट, सावकाश बघितलं. धुरपताबाईंनी पदर मागे घेतला. "लई पिकलीस की गं," ते म्हणाले. "तू कुठं कवळा ऱ्हायलास," त्या म्हणाल्या. व्यंकटरावांचा पंजा पुस्तकावरून आपोआप निघाला.

व्यंकटरावांनीच विळ्याच्या टोकाने जुनं कव्हर अलगद सोडवलं आणि माझ्या हातात दिलं. "हे तुमचं. घिऊन जा." मी ते घडी करून शालीसाठी राखलेल्या जागेत ठेवलं. नवं कव्हर आम्ही तिघांनी मिळून लावलं; एक कोपरा वाकडा बसला, तो माझ्याकडून. मग व्यंकटरावांच्या बायको शेतातून आल्या, नणंदेला बघून दारातच थबकल्या, आणि पाच मिनिटांत चुलीवर धपाटे पडायला लागले. दह्याबरोबर मी चार खाल्ले. पाचवा वाढताना त्या म्हणाल्या, पुण्याकडं जेवण कमी का?

उन्हं कलायला लागल्यावर आम्ही पुस्तक परत द्यायला निघालो. व्यंकटराव पुढे, धुरपताबाई मागे, पण पदर आता खांद्यावरच. पारावरचे लोक बघत होते. एकाने हाक मारली, "कोण पाव्हणे, व्यंकटराव?" ते थांबले नाहीत, पण म्हणाले, "पाव्हणे न्हाईत. अक्का हाय."

गुरुजींनी पुस्तक उलटसुलट करून बघितलं. "कव्हर नवं दिसायलंय. झालं का वाचून?"

"वाचलं न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "कधीच न्हाई."

"मग मी वाचते," धुरपताबाई म्हणाल्या. "लिवणाऱ्यानं काय लिवलंय बघू तरी."

"सभासद व्हावं लागंल. गावच्याच माणसाला देतो आमी पुस्तक, बाहेरगावी गेलेलं परत येत न्हाई." गुरुजींनी टेबलाच्या खणातून फॉर्म काढला, पेन झटकलं. "नाव?"

त्यांनी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. गुरुजींचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून वर बघितलं, भुवईकडे बघितलं, आणि मग खाली बघून लिहिलं.

"पत्ता?"

धुरपताबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. नांदेडची खोली भाड्याची होती, आणि त्या गल्लीचं नाव इथे सांगायचं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"माझाच लिवा, गुरुजी," व्यंकटराव म्हणाले. "घर नंबर एकशे बारा."

गुरुजींनी लिहिलं. खालच्या रकान्यापाशी येऊन विचारलं, "कायमचा, का तात्पुरता?"

"कायमचा," व्यंकटराव म्हणाले.

गुरुजींनी तसं लिहिलं आणि फॉर्म सहीसाठी धुरपताबाईंकडे सरकवला. सही करायला त्यांना बराच वेळ लागला.